बटणांचे कर्नल

परदेशातून येताना आमच्या कर्नलांसाठी काय आणू नये, हे आता सोसायटीत सगळ्यांना पाठ झालंय. शिपायाचं चित्र असलेली कुठलीही वस्तू आणू नये. ‘ब’ इमारतीतल्या एका मुलाने भाबडेपणाने लंडनहून फ्रिजला चिकटवायचा चुंबक आणला होता. त्यावर बकिंगहॅम राजवाड्यासमोर उभा असतो तसा लाल डगल्यातला, केसाळ काळ्या टोपीतला पहारेकरी होता. दुसरं कुणी असतं तर “वा, छान” म्हणून फ्रिजवर लावून मोकळं झालं असतं. कर्नल तो घेऊन खिडकीपाशी गेले, कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मुलाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“याची बटणं एकेकटी आहेत,” कर्नल म्हणाले.

“हो काका.”

“एकेकटी बटणं म्हणजे ग्रेनेडियर गार्ड्स. दोन-दोनच्या जोडीने असती तर कोल्डस्ट्रीम. तीन-तीन म्हणजे स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श. कळलं?”

“हो काका.”

“आता टोपीतला तुरा बघ. लाल, आणि उजव्या बाजूला. हा कोल्डस्ट्रीमचा. ग्रेनेडियरचा पांढरा असतो आणि डावीकडे असतो. म्हणजे हा इसम गळ्यापर्यंत ग्रेनेडियर आणि गळ्याच्या वर कोल्डस्ट्रीम.” त्यांनी भिंग वर सरकवलं. “हा कुठल्याच पलटणीचा नाही. याला राजवाड्याच्या दारात उभं कुणी केलं?”

त्या मुलाने पुढच्या खेपेला चॉकलेट आणली. ती कर्नलांनी काही न बोलता खाल्ली.

कर्नल हे कर्नल नाहीत. एका सहकारी बँकेतून मुख्य रोखपाल म्हणून ते निवृत्त झाले. लष्कराशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता, आणि तोही बूट चावायला लागेपर्यंतच. ही पदवी सोसायटीतल्या पोरांनी दिली आणि ती त्यांना मुळीच मान्य नाही. नम्रपणा वगैरे काही नाही, हरकत तांत्रिक आहे. “कर्नलच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि दोन तारे असतात. माझ्या खांद्यावर काय आहे? पंचा! हवालदार म्हणा हवं तर. तीन पट्ट्या मी स्वतः रंगवून घेईन.” पण पोरांना हवालदार हा शब्द पोलीस चौकीतला वाटतो, त्यामुळे कर्नल कर्नलच राहिले.

त्यांच्या दिवाणखान्यात जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे काचेचं कपाट आहे आणि कपाटात सैन्य आहे. शिशा-कथलाच्या मिश्रणातले, काही रेझिनचे, काही जुन्या प्लास्टिकचे शिपाई. एकेक माणूस २८ मिलिमीटर उंच, फार तर करंगळीची दोन पेरं. त्याच्या अंगावर डगला, डगल्यावर कॉलर, कफ, पट्टे, फीत आणि बटणं. हिशेब कर्नलांनी मला एकदा मांडून दाखवला होता. खरं बटण दोन सेंटिमीटरचं धरलं, तर या मापात ते मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं होतं. कुंचला तीन शून्यांचा. आधी काळा ठिपका, त्यावर जरा लहान पितळी ठिपका, आणि त्याच्या वरच्या कडेला उजेड पडल्यासारखा आणखी एक ठिपका, जो मला अजून दिसलेला नाही. “आहे तो,” कर्नल म्हणतात, आणि रोखपालाने आहे म्हटल्यावर तो असतो.

बटणं रंगवताना श्वास रोखावा लागतो. चहा आधी घ्यायचा नाही, हात कापतो. उजव्या हाताचं मनगट टेबलाच्या कडेवर, पुतळा जुन्या औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवलेला, बाटली डाव्या हातात. अशा एका क्षणी वहिनींच्या कुकरने शिट्टी दिली आणि एका फ्रेंच ग्रेनेडियरला डाव्या गालावर पितळी मस आला. त्या दिवसापासून घरात नियम झाला: बटणं चालू असताना कुकर लावायचा नाही. वहिनी फोनवर बहिणीला सांगताना मी ऐकलंय, “नाही गं, आज जेवायला एक वाजेल. आज ह्यांची बटणं आहेत.” बहिणीने बापडीने तो दुखण्याचा प्रकार समजून तब्येतीला जपायला सांगितलं.

वहिनींबद्दल एक सांगायला हवं. लोक त्यांची कीव करतात ती चुकीची आहे. ज्या माणसाला दिवसभर कुठे शोधायचं हे ठाऊक आहे, जो भिशीला आलेल्या बायकांमध्ये येऊन बसत नाही आणि ज्याच्या व्यसनाला टूथपिक, एम-सील आणि जुन्या बनियनच्या चिंध्या एवढंच लागतं, तो नवरा काही वाईट नाही. त्यांची तक्रार एकच, ती साडीच्या दुकानाची.

झालं असं की मुलाच्या लग्नाच्या खरेदीला वहिनींनी एक लाल साडी काढायला लावली. दुकानदाराने सवयीने सांगितलं, “घ्या काकू, लाल आहे, शुभ आहे.” कर्नल मागे स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारलं, “कुठला लाल?” दुकानदार म्हणाला, “लाल म्हणजे लालच, काका.” हे वाक्य कर्नलांच्या घरात बोलायला बंदी आहे. त्यांनी तिथल्या तिथे पदर हातात घेऊन समजावून दिलं की नेपोलियनच्या काळात इंग्रजी फौजेत साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठाच्या मुळीत रंगवलेला असे, म्हणजे विटकरीकडे झुकणारा, जरा मळकट लाल. अधिकाऱ्याचा डगला किरमिजी किड्यापासून काढलेल्या रंगात, तो खरा भडक लाल. सार्जंटलाही हाच चांगल्या कापडाचा. त्यामुळे दुरून पाहूनही कोण हुकूम सोडणारा आणि कोण झेलणारा ते कळे. “आणि ही साडी,” पदर खाली ठेवत ते म्हणाले, “शिपायाची आहे.” वहिनींनी ती घेतली नाही. दुकानदाराने आणखी भारी साडी काढून “ही अधिकाऱ्याची” म्हणून विकली. व्यापाऱ्याच्या जातीला इतिहास लवकर कळतो.

युद्ध कोण जिंकलं यात कर्नलांना फारसा रस नाही. वॉटर्लूची गोष्ट काढा. आपण नेपोलियनच्या शोकांतिकेकडे वळू पाहतो, तेवढ्यात ते २८ व्या पलटणीच्या टोपीपाशी थांबतात. इंग्रजी पायदळाला १८१२ साली पुढची बाजू उंच असलेली नवी टोपी मिळाली होती, पण या २८ व्या पलटणीने वॉटर्लूलाही जुनी, धुराड्यासारखी सरळ टोपीच घातली. शिवाय या पलटणीला १८०१ च्या अलेक्झांड्रियाच्या लढाईपासून टोपीच्या मागच्या बाजूलाही बिल्ला लावायचा मान आहे, कारण तिथे मागून हल्ला झाल्यावर मागची रांग नुसती वळून उभी राहिली आणि लढली. हे सांगताना कर्नलांचा आवाज भरून येतो. युरोपचं भवितव्य ठरलं त्या दिवशी, हे त्यांना मान्य आहे, पण टोपीच्या मागे बिल्ला रंगवायला विसरलेला माणूस युरोपच्या भवितव्याबद्दल काय बोलणार, असा त्यांचा सवाल असतो.

त्यांच्या देव्हाऱ्यात, म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवर, विल्यम सायबोर्नच्या चित्राची झेरॉक्स आहे. हा इंग्रज लेफ्टनंट. १८३० साली याला वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करायचं काम मिळालं. त्याने लढाईच्या जागेवरच, ला ए सँत नावाच्या वाडीत कित्येक महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली. मग लढाईत असलेल्या हयात अधिकाऱ्यांना पत्रं धाडली: संध्याकाळी सात वाजायच्या सुमाराला तुमची तुकडी नक्की कुठे होती, कशा रचनेत होती, समोर शत्रू कोण होता, आणि शेतात त्या वेळी पीक कसलं होतं? शेकडो उत्तरं आली. त्यांतून सुमारे ७५ हजार इवल्याशा पुतळ्यांचं रणांगण उभं राहिलं आणि १८३८ साली लंडनकरांनी ते पैसे मोजून पाहिलं. सरकारने मध्येच हात आखडता घेतल्यामुळे सायबोर्न कर्जात बुडाला तो बुडालाच. त्यातून ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या गोटाला या देखाव्यात प्रशियन सैन्य जरा जास्तच दिसतंय असं वाटलं, कारण मग विजयाचं श्रेय वाटून घ्यावं लागलं असतं. अखेर हजारो प्रशियन पुतळे मैदानावरून उचलले गेले. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे.

मला या गोष्टीत मोठा उपहास दिसतो. माणसाने पिकाची जात विचारून घेतली आणि शेवटी सबंध सैन्यच्या सैन्य काढून ठेवावं लागलं. कर्नलांना तसं वाटत नाही. ते म्हणतात, “काढले ते काढले. जे राहिले ते तर बरोबर जागी होते ना?” बँकेच्या हिशेबात गेलेली रक्कम वेगळ्या रकान्यात दाखवता येते, असा काहीसा त्यांचा भाव असतो.

पुतळे रंगवणाऱ्यांच्या जगात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहारही जेमतेम आहे. एक नियमपुस्तिकावाले. गणवेशाच्या हुकमात जसं लिहिलं तसाच शिपाई, कडक इस्त्रीचा. दुसरे चिखलवाले. मोहिमेवरचा शिपाई कधी हुकमाप्रमाणे दिसलाय का, असं विचारणारे. आमचे कर्नल पहिल्या पंथाचे गादीधारी. दुसऱ्या पंथाचे एक गृहस्थ कल्याणला राहतात आणि वर्षातून एकदा पुण्यात येऊन कर्नलांचा रक्तदाब वाढवून जातात. गेल्या खेपेला मी हजर होतो. कर्नलांनी नेपोलियनच्या जुन्या रक्षकदलाची एक रांग पूर्ण केली होती. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, समोर पितळी पट्टी, लालभडक तुरे, पांढऱ्या विजारी. कल्याणकर वाकले, चष्मा सारखा केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “वॉटर्लू ना?”

“वॉटर्लू.”

“आदल्या रात्री पाऊस होता.”

कर्नल गप्प.

“यांनी त्या दिवशी ओव्हरकोट घातले होते. तुरे मोहिमेवर काढून ठेवत. आणि पांढरी विजार म्हणाल, तर एवढ्या चिखलातून हे आले कसे? विमानाने?”

कर्नल म्हणाले, “ही लढाई नाही. ही आधीची परेड आहे.”

“मग पायाखालचं गवत तुडवलेलं का?”

अशी शांतता मी फक्त बँकेत हिशेब जुळत नसताना पाहिली आहे. कल्याणकर गेल्यावर कर्नलांनी पातळ सुरी घेतली आणि एकेका रक्षकाच्या पायाखालचं गवत खरवडून काढलं. आता ती रांग कोऱ्या लाकडावर उभी आहे, आणि विचारलं तर कर्नल सांगतात की हे परेडचं मैदान आहे. चिखल मात्र त्यांनी लावलेला नाही. माझं मत विचाराल तर कल्याणकरांचं बरोबर आहे, पण कर्नलांच्या घरी चहा मिळतो म्हणून मी ते मत दारातच काढून ठेवतो.

या ज्ञानाचा संसारात कुठे उपयोग होतो का? फारसा होत नाही, अडथळा मात्र होतो. भाचीच्या लग्नात वरात अर्धा तास खोळंबली, कारण बँडवाल्यांच्या मुख्याच्या दोन्ही खांद्यांवरून सोनेरी दोऱ्यांचे गोंडे लोंबत होते. असा गोंडा एकाच खांद्यावर असतो, हे कर्नलांनी त्याला आडवं होऊन सांगितलं. बँडमास्तर तालेवार माणूस. तो म्हणाला, “साहेब, एकाच खांद्याला लावला तर व्हिडिओत एका बाजूनं गरीब दिसतो.” त्यावर कर्नलांपाशी उत्तर नव्हतं. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी कबूल केलं की इतिहासातले पुष्कळसे गणवेश याच कारणाने बनलेत.

एकदा पार्सलाचं लफडं झालं. इंग्लंडहून मागवलेले पुतळे कुठल्याशा कचेरीत अडकले आणि आत काय आहे ते लिहून द्यायला सांगितलं. दुसऱ्या कुणीही ‘खेळणी’ लिहिलं असतं. कर्नलांना ‘खेळणी’ हा शब्द लागतो. त्यांनी लिहिलं: ‘सशस्त्र शिपाई, नग २४, ठासणीच्या बंदुका व संगिनींसह.’ सुटका व्हायला फार दिवस लागले. शिपायांची, कर्नलांची त्याच दुपारी झाली.

पण कर्नलांना हसून मोकळं होणं सोपं आहे, आणि आपल्याकडे या बाबतीत हसण्याआधी स्वतःकडे बघायला हवं. वा. सी. बेंद्र्यांनी शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणेपर्यंत भलत्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून आपल्याकडे छापलं जात होतं आणि लोक त्यालाच हात जोडत होते. टोपीच्या मागच्या बिल्ल्याची चौकशी करणारा एखादा माणूस आधी भेटला असता तर बरं झालं असतं. आजही मालिकांमधले मावळे बघा. सगळ्यांचे अंगरखे एका ताग्यातले, सगळ्यांची मुंडाशी एका रंगाची, आणि सगळे नुकतेच परीटघडी मोडून आलेले.

यावरून आठवली ती दिवाळीतल्या किल्ल्यांची स्पर्धा. सोसायटीच्या मुलांनी पाच किल्ले केले होते आणि परीक्षक म्हणून, ज्याला कुणाला ही कल्पना सुचली त्याचं भलं होवो, कर्नलांना बोलावलं. ते भिंग घेऊन उतरले. पहिल्याच किल्ल्यावर बुरुजावरचा मावळा खांद्याला आताच्या जवानाची रायफल लावून उभा. कर्नल उकिडवे बसले.

“हे काय आहे?”

“पहारेकरी,” किल्ल्याचा मालक म्हणाला. वय वर्षं नऊ.

“त्या काळी तोड्याची बंदूक होती. आधी दारू ठासायची, गोळी ठासायची, मग जळता तोडा लावायचा. ही रायफल महाराजांच्या काळात कुठून आली?”

“दुकानातून.”

“आणि हे सगळे मावळे सारखेच कसे? मावळ्यांना गणवेश नव्हता. जो तो आपापले कपडे घालून यायचा.”

मुलगा जरा विचारात पडला. मग म्हणाला, “आजोबा, तो वाघ महाराजांपेक्षा मोठा आहे. त्याला तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

कर्नलांनी वाघाकडे पाहिलं. वाघ खरोखरच सिंहासनासकट महाराजांना गिळेल एवढा होता. “वाघाला गणवेश नसतो,” ते म्हणाले आणि पुढच्या किल्ल्याकडे सरकले.

पहिलं बक्षीस त्यांनी ‘क’ इमारतीच्या किल्ल्याला दिलं. त्या किल्ल्यावर चित्रंच नव्हती, आणताना पिशवी पडून फुटली होती. शेऱ्यात कर्नलांनी लिहिलं: ‘ऐतिहासिक चुका: शून्य.’ पालकांनी गिल्ला केला. पुढच्या वर्षी परीक्षक बदलला, पण कर्नलांनी वर्षभर खपून तीस मावळे स्वतः केले. तारेचा सांगाडा, वर एम-सील, आणि तिसातला एकही दुसऱ्यासारखा नाही. कुणाचं मुंडासं मळकं पांढरं, कुणाचं विटलेलं तांबडं, कुणी उघडाबंब खांद्यावर घोंगडी घेऊन, एकाची ढाल दुसऱ्याहून जुनी. मुलांनी ते हातोहात नेले. तळमजल्यावरच्या काकू मात्र हळहळल्या, “इतकी मेहनत घेतली, पण सेट काही जुळला नाही हो.”

गेली काही वर्षं कर्नलांनी जो मोठा देखावा मांडलाय तो आसईचा. २३ सप्टेंबर १८०३. आताच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला गाजलेला वेलिंग्टनच, यांची गाठ पडली. दोन प्लायवुडचे तक्ते जोडून कर्नलांनी बेचकं तयार केलं. नद्यांना राळेचं पाणी घातलं. वेलस्लीच्या दोन्ही स्कॉटिश पलटणी, ७४ वी आणि ७८ वी, रंगवायला घेतल्या. इथे एक पाहुणे फसले. ते अभ्यास करून आले होते आणि ऐटीत म्हणाले, “कर्नल, झेंड्यावर हत्ती राहिला. आसईची खूण म्हणून या पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं होतं ना?” कर्नलांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ते सावकाश म्हणाले, “मिळालं. आसईबद्दल मिळालं. म्हणजे आसईनंतर मिळालं. लढाईला जाताना तिचं बक्षीस हातात कसं असेल?”

इंग्रजांची बाजू त्यांना तशी सोपी गेली. गणवेशाचे छापील हुकूम आहेत, अधिकाऱ्यांची पत्रं आहेत, चित्रं आहेत. कोणत्या पलटणीच्या कॉलर-कफाचा रंग कोणता हे कोष्टकात मिळतं. आणि या रंगाला कुणी क्षुल्लक म्हटलं की कर्नल ‘काळी पाचवी’चं नाव घेतात. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची ही जुनी पलटण, तिच्या लाल डगल्याच्या काळ्या कॉलर-कफांवरून हे नाव पडलं आणि आजतागायत चिकटलं. “डगले गेले, खाकी आली, हिरवा आला, इंग्रज गेले. कॉलरचा रंग राहिला,” असं ते म्हणतात, तेव्हा मीही वाद घालत नाही.

अडलं ते समोरच्या बाजूला. शिंद्यांचे कंपू युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेले, त्यांच्यावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा अधिकारी. तोफखाना असा की ७४ व्या पलटणीची त्याने दाणादाण उडवली. पण या आपल्या शिपायांचे डगले कसे होते? कॉलर होती की नव्हती? बटणं होती की बंद? आसईला प्रत्यक्ष मेलेल्या या माणसांबद्दल कर्नलांना मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाचीसुद्धा खात्री मिळेना. मग या वयात ते मोडी शिकले. दर बुधवारी कुणाकुणाच्या ओळखीने जुने कागद बघून येऊ लागले. एकदा फार खुशीत परतले. मला वाटलं डगला सापडला. सापडला होता घोड्यांच्या चंदीचा हिशेब, पै-पैचा, बेरजेसकट बिनचूक. “काय रोखपाल असेल!” ते म्हणाले.

बाजारात शिंद्यांच्या पायदळाचे पुतळेही हवे तसे मिळत नाहीत. म्हणून कर्नलांनी इंग्रजांच्या देशी पलटणीचे शिपाई घेऊन त्यांची डोकी कापली, मुंडाशी घडवली आणि अंगावर नुसता राखाडी प्रायमर मारून ठेवला. पुरावा मिळाल्याखेरीज ते रंग लावणार नाहीत. कल्याणकर येऊन म्हणाले, “द्या हो अंदाजाने, कोण बघतंय?” त्यांना त्या दिवशी चहा मिळाला नाही. त्या एका दिवशी मी मनापासून कर्नलांच्या बाजूचा होतो. अंदाजाने रंगवलेला गणवेश दहा वर्षांनी पुरावा होऊन बसतो. कुणीतरी त्या पुतळ्याचा फोटो काढतं, फोटोवरून मालिकेवाले कपडे शिवतात आणि मालिकेवरून मुलं निबंध लिहितात.

तेव्हा सध्या आसईच्या मैदानात एक सैन्य नखशिखांत रंगलेलं आणि समोर एक सैन्य राखाडी, अशी स्थिती आहे. नखशिखांत म्हटलं, पण तेही सर्वस्वी खरं नाही. ७८ वी पलटण फक्त कमरेपर्यंत रंगलीय. स्कॉटिश लोकांनी हिंदुस्थानच्या उन्हात आपली चौकटींची किल्ट घातली की इतर गोऱ्या शिपायांसारखी पांढरी विजार, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं कर्नलांना ईमेल करतात. कमरेखाली सबंध पलटण प्रायमरमध्ये उभी आहे. वहिनी कपाट पुसताना त्यांच्यावर रुमाल टाकतात.

वाचकांपैकी कुणाच्या घरी जुन्या रुमालांत, दप्तरांत शिंद्यांच्या पलटणीच्या कापडखरेदीचा कागद असेल, किंवा २३ सप्टेंबर १८०३ रोजी ७८ व्या पलटणीच्या पायांत काय होतं याची कुणाला पक्की माहिती असेल, तर त्यांनी जरूर संपर्क साधावा. मासिकाच्या पत्त्यावर लिहिलंत तर मी पोचवीन. फक्त ‘असं म्हणतात’ एवढ्यावर येऊ नका. ग्रंथाचं नाव, आवृत्ती आणि पान क्रमांक सोबत आणा, आणि येण्याआधी वहिनींना फोन करून आज बटणं आहेत का ते विचारून घ्या.